विहिरीपासून माळापर्यंत ६२० मीटर: पाईपलाईनच्या घर्षणाचा हिशेब

मार्कंडेय नदीच्या काठाजवळ आमची विहीर आहे आणि तिच्यापासून ६२० मीटर अंतरावर, चढावर, साडेतीन एकरांचा माळ आहे. २०२३ च्या पावसाने ओढ दिली, दिवाळीनंतर माळावरच्या उसाच्या सऱ्या शेवटपर्यंत भिजेनाशा झाल्या आणि घरात रोज एकच विषय निघू लागला. विहिरीत पाणी होते, साडेसात एचपीचा ओपनवेल पंप चालू होता, तरीही माळावरच्या तोंडाशी मनगटाएवढी बारीक धार पडत होती. माझे दीर शेती पाहतात. एका संध्याकाळी ते दमून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, विहिरीत पाणी हाय की, पण वर येईस्तोवर त्याचा जीवच जातोय बघा."

पाण्याचा हा जीव नेमका कुठे आणि किती जातो, हे मोजता येते, एवढे मला ठाऊक होते, कारण मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. परंतु ते स्वतःच्या शेतासाठी कधी करावे लागेल असे वाटले नव्हते. ज्यांच्यापुढे असाच प्रश्न आहे त्यांना उपयोग व्हावा, म्हणून डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत काय केले, किती दिवस लागले आणि किती खर्च आला ते क्रमाने लिहीत आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी दीर बेळगावातील एका पंपाच्या दुकानात जाऊन आले होते. दुकानदाराने दोनच प्रश्न विचारले, अंतर किती आणि सध्याचा पंप किती एचपीचा, आणि १५ एचपीचा पंप, नवा स्टार्टर व केबल मिळून ६८,००० रुपयांचा कच्चा अंदाज लिहून दिला. पाईप कोणता आहे हे त्याने विचारले नाही. ती चिठ्ठी हातात घेतल्यावर माझ्या मनात पहिली शंका तिथेच आली, कारण आमची लाईन सासऱ्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी, पंप लहान असताना टाकलेली दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरची आहे. दुसरी अडचण विजेची होती. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे. १५ एचपीचा पंप बसवला की ती सवलत जाते, शिवाय वाढीव भारासाठी नवा अर्ज, अनामत रक्कम आणि रोहित्रावर तेवढी क्षमता शिल्लक आहे की नाही याची तपासणी, हे सगळे मागे लागते. सासऱ्यांना मी म्हटले, "मामा, पैसे देण्याआधी मला दोन रविवार द्या." त्यांनी दिले.

१० डिसेंबर २०२३, रविवार. सर्वप्रथम प्रवाह मोजला. माळावर २०० लिटरचे पिंप नेले, पंप चालू करून पाच मिनिटे धार स्थिर होऊ दिली आणि मग पिंप भरायला किती सेकंद लागतात ते तीन वेळा पाहिले. ४७, ४८ आणि ४९ सेकंद लागले. सरासरी ४८ धरली, म्हणजे सेकंदाला ४.१७ लिटर. या मोजणीला एक पैसाही लागत नाही आणि हिच्याविना पुढचे सगळे अंदाजच राहतात.

त्याच दिवशी चढ मोजायला घेतला. मोबाईलवर दिसणारी उंची एकाच जागी उभे राहून दोनदा पाहिली तरी वेगळी निघत होती, म्हणून तो नाद सोडला आणि गवंड्याकडून पारदर्शक लेव्हल पाईप, म्हणजे दोन टोकांची पातळी ताडून पाहण्याची पाणी भरलेली नळी, मागून आणला. दीर एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, प्रत्येकाजवळ सेंटीमीटरच्या खुणा केलेली काठी, आणि मामा बांधावर बसून वहीत आकडे लिहीत होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन चुकते, म्हणून दर वेळी नळी उन्हाकडे धरून आरपार पाहावी लागत होती. साधारण १४ मीटरचा एक टप्पा, असे ४५ टप्पे झाले. दुपारी एकपर्यंत विहिरीच्या काठापासून माळावरच्या तोंडापर्यंतचा चढ २६.९ मीटर निघाला. खात्रीसाठी पुढच्या रविवारी वरून खाली मोजत आलो तेव्हा २७.१ मीटर आला. आम्ही २७ धरला. विहिरीतील पाणी काठापासून ९ मीटर खाली होते. म्हणजे पाणी नुसते उचलून नेण्यासाठीच ३६ मीटर हेड, म्हणजे तेवढ्या उंचीपर्यंत पाणी चढवणारा दाब, लागणार होते, मग पाईप कितीही मोठा असो. याला स्थिर हेड म्हणतात. घर्षणाचा तोटा याच्या वर येतो.

घर्षणाचा तोटा काढण्यासाठी मी हेझन–विल्यम्स हे सूत्र वापरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲलन हेझन आणि गार्डनर विल्यम्स या दोन अमेरिकन अभियंत्यांनी ते मांडले. ते फक्त पाण्यासाठी आणि नेहमीच्या तापमानाला लागू पडते, परंतु शेतीच्या पाईपलाईनला तेवढे पुरते. सूत्र असे: १०.६७ गुणिले पाईपची लांबी, गुणिले (प्रवाह भागिले सी) चा १.८५२ वा घात, आणि या सगळ्याला आतील व्यासाच्या ४.८७ व्या घाताने भागायचे. लांबी आणि व्यास मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये. उत्तर मीटर हेडमध्ये मिळते. 'सी' हा पाईपच्या गुळगुळीतपणाचा आकडा असून पीव्हीसीसाठी तो १४० ते १५० धरतात. जुन्या, गंजलेल्या लोखंडी पाईपसाठी तो १०० किंवा त्याहूनही खाली येतो. अपूर्णांकाचे घात काढायला मोबाईलवरील वैज्ञानिक गणकयंत्र पुरते.

पहिल्या रात्री मी ६३ मिलिमीटर हाच व्यास घालून गणित केले आणि उत्तर कमी आले. ६३ हा बाहेरचा व्यास आहे हे लक्षात आल्यावर दिरांनी गोठ्यामागे पडलेला जुन्या पाईपचा तुकडा आणून दिला. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियरने मोजल्यावर आतील व्यास ५९ मिलिमीटर भरला. चार मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण व्यासाचा घात जवळजवळ पाच असल्यामुळे तो तोट्यात खूप मोठा होऊन दिसतो. दुकानात पाईपवर लिहिलेला आकडा गणितात कधीही घालू नये, आतील व्यास मोजूनच घ्यावा.

५९ मिलिमीटर, ६२० मीटर, सेकंदाला ४.१७ लिटर आणि सी १४० धरून उत्तर आले साडेसव्वीस मीटर. त्यात वळणे, एनआरव्ही (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) आणि व्हॉल्व्ह यांचा तोटा सुमारे १.२ मीटर. म्हणजे पाणी २७ मीटर चढवण्यासाठी जेवढा दाब लागतो, जवळपास तेवढाच दाब आम्ही पाईपच्या आतील भिंतींना पाणी घासण्यात घालवत होतो.

हे खरे की कागदावरचे, याची मला खात्री हवी होती. म्हणून ४५० रुपयांचे प्रेशर गेज आणले आणि १७ डिसेंबरला विहिरीच्या काठावर, पंपाच्या डिलिव्हरीवर बसवले. माळावरचे तोंड पूर्ण उघडे ठेवून पंप चालू केला. काटा थरथरत वर गेला आणि साडेपाच किलोवर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेपाच किलो दाबावर, स्थिरावला. एक किलो म्हणजे सुमारे १० मीटर हेड, म्हणून ते ५५ मीटर झाले. त्यातून २७ मीटर चढ वजा केला की उरले २८ मीटर. माझे गणित २७.७ सांगत होते. मामांना मी गेजजवळ उभे केले आणि काटा दाखवून समजावले. ते बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे निम्मी ताकद पाईपच खातोय म्हण की." सूत्रातील सगळ्या घातांकांचा अर्थ त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

पाईप सहा किलोचा, म्हणजे तेवढाच दाब सोसण्यासाठी बनवलेला होता आणि त्यावर रोज साडेपाच किलोचा दाब पडत होता, हेही त्याच दिवशी कळले. वीज गेली की विहिरीजवळचे जोड का निसटत, याचे कारण इथे सापडले.

आता १५ एचपीच्या प्रस्तावाकडे वळलो. आम्हाला सेकंदाला ७ लिटर पाणी हवे होते, कारण दिवसाला सात तास थ्री फेज वीज धरली तर तेवढ्या प्रवाहाने १७६ घनमीटर पाणी मिळते आणि एक एकरावर ५ सेंटीमीटर पाणी द्यायला सुमारे २०० घनमीटर लागते. म्हणजे एका दिवसात एकरभर सरी जवळपास भिजते. जुन्या दोन इंची पाईपमधून ७ लिटर नेले तर घर्षणाचा तोटा किती? उत्तर आले ६९ मीटर. चढ आणि घर्षण मिळून विहिरीच्या काठावर साडेनऊ किलोहून अधिक दाब झाला असता, आणि पाईप सहा किलोचा. एवढ्या दाबाने लाईन फुटण्याचा धोका होता. शिवाय एकूण हेड १०५ मीटरच्या वर गेल्यामुळे १५ एचपीसुद्धा कमी पडला असता. दुकानदाराने वाईट हेतूने सांगितले असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या सल्ल्यात पाईपचा व्यास विचारलेला नाही, तो सल्ला घेऊ नये असे माझे ठाम मत झाले आहे.

मग तीन पाईपांची तुलना केली. तिन्हींचे तुकडे दुकानात मोजून घेतले. तीन इंची, म्हणजे ९० मिलिमीटरचा, आतून ८४ भरतो आणि त्यात ७ लिटरला तोटा १२.४ मीटर येतो. चार इंची, म्हणजे ११० चा, आतून १०३ आणि तोटा ४.६ मीटर. पाच इंची, म्हणजे १४० चा, आतून १३१ आणि तोटा १.४ मीटर. चार इंचीचे गणित इथे पूर्ण देते, म्हणजे कोणालाही पडताळून पाहता येईल: ०.००७ भागिले १४० म्हणजे ०.००००५. त्याचा १.८५२ वा घात साधारण ०.०००००००१०८. ०.१०३ चा ४.८७ वा घात साधारण ०.००००१५६. पहिल्याला दुसऱ्याने भागून १०.६७ ने गुणले की मीटरमागे सुमारे ०.००७४ मीटर, आणि त्याला ६२० ने गुणले की ४.६ मीटर. इथे १०३ ऐवजी ११० घातले तर तोटा ३.३ मीटरच दिसतो.

पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेले एक निवृत्त अभियंते आमच्या ओळखीचे आहेत. २४ डिसेंबरला वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी प्रत्येक ओळ तपासली आणि मग डार्सी–वाइसबाख या घर्षणाच्या दुसऱ्या सूत्राने चार इंचीचा तोच तोटा काढून दाखवला: वेग सेकंदाला ०.८४ मीटर, घर्षणांक ०.०१८५, उत्तर ४ मीटर. मी थोडी घाबरले, कारण माझे ४.६ होते. ते म्हणाले, "अगं, तू सी १४० धरलास. नव्या पाईपला १५० धर, तुझंही चारच येईल. पण १४०च ठेव. पाईप कायम नवा राहत नाही." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती फार मोलाची आहे. लांब लाईनवर वीज अचानक गेली की पाणी थांबते, परतते आणि एनआरव्हीवर दणका देते. हा दणका वेगाच्या प्रमाणात असतो. जुन्या लाईनमध्ये वेग सेकंदाला दीड मीटर होता, नव्या लाईनमध्ये तो ०.८४ वर येणार होता. तरीही विहिरीजवळ दाब सर्वांत जास्त असल्याने पहिले २० नग आठ किलोचे घ्यावेत असे त्यांनी सुचवले. त्या पाईपची भिंत जाड असल्यामुळे आतील व्यास थोडा कमी होतो, पण १२० मीटरमध्ये तोटा फक्त ९ सेंटीमीटरने वाढतो.

चार इंची ठरला. एकूण हेड असे: स्थिर ३६, घर्षण ४.७, जोड व वळणांचे अर्ध्या मीटरहून कमी, आणि थोडी सुरक्षितता धरून ४२ मीटर. जुन्या पंपासोबत आलेला माहितीचा कागद मामांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. त्यातील कोष्टकात ४२ मीटरला सेकंदाला ७ लिटर असे स्पष्ट छापलेले होते. म्हणजे पंप बदलण्याची गरजच नव्हती. तीन इंची घेतला असता तर हेड ५० मीटरच्या पुढे जाऊन १० एचपीचा पंप लागला असता. पाच इंचीने आणखी ३ मीटर वाचले असते, पण पाईपची किंमत फारच वाढत होती.

पुढचे दोन महिने गणिताचे नव्हते, कागदांचे होते, आणि माझ्या दृष्टीने हाच भाग अधिक थकवणारा ठरला. नवी लाईन दोन शेजाऱ्यांच्या बांधावरून आणि एका पाणंद रस्त्याखालून जाणार होती. शेजाऱ्यांची संमतीपत्रे मुद्रांकावर करून घेतली. तोंडी होकार वर्षानुवर्षे चालत आला असला तरी जेसीबी येण्याआधी कागद केलेला बरा, कारण वाटण्या झाल्या की नवे मालक तोंडी शब्द मानतीलच असे नाही. रस्ता ओलांडण्यासाठी ग्रामपंचायतीत पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे अर्ज करायचा होता. तो कन्नडमध्ये हवा होता, म्हणून माझ्या कन्नड शिकवणाऱ्या सहकारी बाईंनी लिहून दिला. सोबत सर्व्हे नंबर दाखवणारा आरटीसी, म्हणजे जमिनीचा उतारा, हाताने काढलेला नकाशा, संमतीपत्रांच्या प्रती आणि वीजजोडणीचा आरआर नंबर (ग्राहक क्रमांक) असलेला कागद जोडला. अर्ज २२ जानेवारीला दिला, ठराव १४ फेब्रुवारीला मिळाला. मधल्या २३ दिवसांत चार फेऱ्या झाल्या. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तिसऱ्या फेरीला माझ्या ती उपयोगी पडली. कर्जासाठी पीकेपीएसमध्येही, म्हणजे प्राथमिक कृषी सहकारी पतसंस्थेतही, उतारा आणि पाईपचे कोटेशन लागले. तिथे पूर्ण हिशेबाची वही सोबत नेली होती आणि रक्कम का हवी आहे ते सांगताना तिचा आधार झाला.

२ मार्चला पाईप आले. ८७ नग सहा किलोचे, प्रत्येकी १,१५० रुपये, आणि २० नग आठ किलोचे, प्रत्येकी १,५०० रुपये, मिळून १,३०,०५० रुपये. उतरवून घेताना प्रत्येक नगावर छापलेला दर्जा वाचून घेतला, त्यात तीन नग चार किलोचे निघाले आणि ते त्याच गाडीतून परत बदलून आणले. चराला जेसीबी ११ तास लागला, १३,२०० रुपये. जोड, सोल्युशन, व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह यांचे ९,४००, बसवण्याची मजुरी १२,०००, कागदपत्रांचे १,४०० आणि गेजचे ४५०. एकूण १,६६,५००. ६८,००० च्या पंपापेक्षा ही रक्कम खूप मोठी आहे हे मला मान्य आहे, आणि मामांच्या चेहऱ्यावरची काळजी मी पाहत होते. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. गणित रात्री दोनदा उठून पुन्हा केले.

चर तीन फूट खोल घेतला. खाली मऊ माती पसरली, कारण चराच्या तळाशी राहिलेला एक टोकदार दगडसुद्धा पुढे पाईपला छिद्र पाडतो. जिथे लाईन उंचवट्यावरून जाते तिथे एअर व्हॉल्व्ह बसवला, नाहीतर तिथे हवा अडकून पाण्याची वाट अरुंद होते आणि तो तोटा कोणत्याच सूत्रात येत नाही. सोल्युशन लावलेले जोड पूर्ण एक दिवस तसेच ठेवले. लाईन तपासेपर्यंत जोडांवर माती टाकली नाही.

१७ मार्च २०२४, रविवार. दिरांनी व्हॉल्व्ह थोडासाच उघडा ठेवून पंप चालू केला. हेड कमी झाले की पंप जास्त पाणी ओढतो आणि मोटार जास्त करंट घेते, म्हणून व्हॉल्व्ह हळूहळू उघडत स्टार्टरवरचा काटा मोटारीच्या प्लेटवरील आकड्याच्या आत राहतो ना, ते मी पाहत होते. तो आतच राहिला. गेज ३.२ किलोवर थांबले. माझ्या वहीत ३२ मीटर लिहिलेले होते.

मग आम्ही चढ चढून माळावर गेलो. आधी पाईपमधून हवेचा सुस्कारा आला, दोनदा गढूळ पाणी फेकले गेले आणि नंतर भरघोस धार पडू लागली. मामांनी पिंप सरकवले, मी घड्याळ धरले. २९ सेकंद. पुन्हा २९. मामांनी वही माझ्याकडून घेतली, तारखेसमोर स्वतःच्या अक्षरात '२९' लिहिले आणि दिरांना म्हणाले, "पलीकडच्या सरीला दारं धर, पाणी पोचतंय."